आंतोनी व्हान लेव्हेनहूक : थेंबातील सृष्टीचे पहिले साक्षीदार

डबक्यातील पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, हा आज माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांच्या परिचयाचा प्रयोग आहे. साध्या डोळ्यांना निर्जीव वाटणाऱ्या त्या थेंबात हिरवे तंतू, गरगर फिरणारे गोल, देठावर डोलणाऱ्या घंटा आणि इकडून तिकडे धावणारे असंख्य जीव दिसू लागतात. ही सृष्टी ज्यांनी सर्वप्रथम पाहिली आणि जगाला सांगितली, ते आंतोनी व्हान लेव्हेनहूक कोणत्याही विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. कापडाचे दुकान आणि नगरसभेतील नोकरी हा त्यांचा चरितार्थ. विद्वानांची त्या काळची भाषा लॅटिन. ती त्यांना अवगत नव्हती. डच या आपल्या मातृभाषेतच त्यांनी आयुष्यभर लिहिले आणि युरोपातील पंडितांना ते भाषांतरित करून घ्यावे लागले. त्यांच्या चरित्रात अभिमानाने सांगण्याजोगे पुष्कळ आहे. त्याचबरोबर विद्यादानाशी नाते असलेल्या प्रत्येकाला अंतर्मुख करील अशी एक खंतही त्यात आहे.

लेव्हेनहूक यांचा जन्म २४ ऑक्टोबर १६३२ रोजी हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी झाला. कालव्यांच्या काठाने वसलेले हे गाव मद्यनिर्मिती, वस्त्रव्यवसाय आणि पुढे निळ्या नक्षीच्या चिनी मातीसारख्या भांड्यांसाठी प्रसिद्ध होते. वडील टोपल्या विणण्याचा व्यवसाय करीत. आंतोनी जेमतेम पाच-सहा वर्षांचा असताना त्यांचे निधन झाले. आईने काही वर्षांनी पुनर्विवाह केला आणि मुलाला लायडनजवळच्या वार्मोंड येथील शाळेत धाडले. तेथून तो बेंटहाउझन येथे राहणाऱ्या कायदेपंडित काकांकडे काही काळ राहिला. सोळाव्या वर्षी त्याचे शालेय शिक्षण संपले आणि ॲम्स्टरडॅम येथील एका कापड व्यापाऱ्याकडे उमेदवारीसाठी त्याची रवानगी झाली. तेथे तो हिशेब शिकला, मालाची पारख शिकला. कापडाचा पोत जोखण्यासाठी व्यापारी लहानसे भिंग वापरीत आणि त्यातून धागे मोजीत. वस्तू भिंगातून पाहण्याची आणि पाहिलेले मोजण्याची सवय त्याला याच व्यवसायाने लावली असावी.

१६५४ मध्ये लेव्हेनहूक डेल्फ्टला परतले, बार्बारा डी मे यांच्याशी विवाहबद्ध झाले आणि त्यांनी स्वतःचे कापडाचे दुकान थाटले. या दांपत्याला पाच अपत्ये झाली. त्यांपैकी मारिया ही एकच कन्या जगली. १६६६ मध्ये बार्बारा यांचेही निधन झाले. पुढे लेव्हेनहूक यांनी एका धर्मोपदेशकाच्या कन्येशी, कॉर्नेलिया स्वाल्मियस यांच्याशी विवाह केला. त्याही १६९४ मध्ये निवर्तल्या. मारिया मात्र अविवाहित राहून अखेरपर्यंत पित्याच्या सोबतीला राहिली.

१६६० मध्ये नगरसभेने त्यांना न्यायाधिकाऱ्यांच्या दालनाचे व्यवस्थापक नेमले. दालन उघडणे, बंद करणे, ते स्वच्छ राखणे, थंडीत शेकोटी पेटविणे अशी कामे या पदाकडे होती. वेतन निश्चित होते आणि फावला वेळ भरपूर होता. १६६९ मध्ये परीक्षा देऊन ते भूमापक झाले. १६७९ मध्ये गावात येणाऱ्या मद्याच्या पिंपांचे मापन करण्याचे कामही त्यांच्याकडे आले. डेल्फ्टचे जगद्विख्यात चित्रकार योहानेस व्हर्मीर हे त्यांच्याच वयाचे; दोघांचा बाप्तिस्मा काही दिवसांच्या अंतराने झाला होता. व्हर्मीर कर्जबाजारी अवस्थेत निवर्तल्यावर त्यांच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्यासाठी नगरसभेने १६७६ मध्ये लेव्हेनहूक यांचीच नियुक्ती केली. त्यांच्या सचोटीवर आणि हिशेबीपणावर गावाचा किती विश्वास होता, हे यावरून कळते.

सूक्ष्मदर्शक हे यंत्र लेव्हेनहूक यांच्या पूर्वीही होते. इंग्लंडमधील रॉबर्ट हूक यांचा ‘मायक्रोग्राफिया’ हा सचित्र ग्रंथ १६६५ मध्ये प्रसिद्ध होऊन गाजला होता. हूक यांचे यंत्र दोन वा अधिक भिंगांचे होते. त्या काळच्या सदोष काचेमुळे अशा यंत्रातील प्रतिमा फार मोठी केली की ती धूसर होई आणि तिच्या कडांना रंगीत झालर दिसे. लेव्हेनहूक यांनी निराळा मार्ग धरला. त्यांच्या उपकरणात भिंग एकच असे आणि तेही मण्याएवढे, काही तर मोहरीच्या दाण्याहून लहान. पितळेच्या वा चांदीच्या दोन पातळ पट्ट्यांमध्ये हे भिंग बसविलेले असे. मागील बाजूस एक टाचणीवजा टोक असे. त्यावर निरीक्षणाची वस्तू लावायची आणि बारीक मळसूत्रे फिरवून ती भिंगासमोर आणायची. पाणी पाहायचे झाल्यास केसासारखी बारीक काचनळी त्या टोकाला चिकटवायची. हे सारे उपकरण हाताच्या बोटांत सहज मावे. ते डोळ्याला अगदी भिडवून, उजेडाकडे तोंड करून, श्वास आवरून पाहावे लागे. उपलब्ध उपकरणांपैकी उट्रेख्ट येथील एक सुमारे २७० पट मोठी प्रतिमा दाखविते. एवढी स्पष्टता पुढे दीर्घ काळ इतर कोणाच्या यंत्राला साधली नाही.

१६७३ मध्ये डेल्फ्टमधील तरुण वैद्य राइनियर डी ग्राफ यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांना या गृहस्थाविषयी कळविले आणि त्यांचे पहिले पत्र पाठविले. त्यात बुरशी, मधमाशीची नांगी आणि ऊ यांविषयीची निरीक्षणे होती. लेव्हेनहूक त्या वेळी चाळिशीत होते. याच वर्षी डी ग्राफ यांचे अकाली निधन झाले. परंतु त्यांनी जोडून दिलेला पत्रव्यवहाराचा धागा पुढे पन्नास वर्षे तुटला नाही. लेव्हेनहूक यांनी ग्रंथ म्हणून काही रचले नाही. जे पाहिले ते बोलीभाषेच्या वळणाने, घरगुती तपशिलांसह पत्रांत लिहिले. रॉयल सोसायटीला त्यांनी जवळजवळ दोनशे पत्रे पाठविली. त्यांना स्वतःला चित्रे काढता येत नसत, म्हणून ते पदरचे पैसे खर्चून चित्रकारांकडून आकृत्या काढून घेत.

डेल्फ्टपासून सुमारे दोन तासांच्या अंतरावर बर्केल्स मेअर नावाचे एक तळे होते. हिवाळ्यात त्याचे पाणी नितळ असे. उन्हाळा सुरू झाला की ते पांढुरके होई आणि त्यात हिरवे ढगांसारखे पुंजके तरंगू लागत. हा दवाचा परिणाम आहे, असा आसपासच्या लोकांचा समज होता. १६७४ च्या उन्हाळ्यात लेव्हेनहूक यांनी ते पाणी एका काचेच्या बाटलीत भरून घरी आणले आणि दुसऱ्या दिवशी भिंगाखाली धरले. त्यांना नागमोडी वळणाने गुंडाळलेल्या हिरव्या पट्ट्या असलेले तंतू दिसले. आज ज्याला स्पायरोगायरा म्हणतात ते हे शेवाळ असावे. त्या तंतूंमधून असंख्य सूक्ष्म जीव हिंडत होते. काही गोल, काही लांबट. काहींना डोक्याजवळ छोटे पाय, काहींचे अंग हिरवे आणि टोके पारदर्शक. त्यांतील काही जीव चीजच्या सालीवर आढळणाऱ्या किड्यांच्या हजारपट लहान असावेत, असा अंदाज त्यांनी बांधला. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये लंडनला गेलेल्या पत्रातील तळ्याविषयीचा हा मजकूर म्हणजे सूक्ष्मजीवांच्या जगाची मानवाला लागलेली पहिली चाहूल होय.

पुढची दोन वर्षे त्यांना पाण्याचा छंदच लागला. पावसाचे, विहिरीचे, कालव्याचे, समुद्राचे असे सर्व प्रकारचे पाणी त्यांनी तपासले. भांड्यात काही दिवस साठलेल्या पावसाच्या पाण्यात जीव आढळले, तेव्हा ते आभाळातून आले की नंतर शिरले, असा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला. १६७६ च्या मे महिन्यात पाऊस पडू लागताच त्यांनी स्वच्छ भांड्यात ताजे पाणी धरले आणि ते लगेच तपासले. त्यात जीव नव्हते. तेच पाणी रोज पाहात गेल्यावर काही दिवसांनी ते प्रकट झाले. प्रश्न विचारायचा, एकाच बाबतीत फरक करायचा आणि फळ काय येते ते धीराने पाहायचे, ही शास्त्राची रीत या दुकानदाराला कोणी शिकविलेली नव्हती.

याच काळात मिरीने त्यांना एक नवा शोध घडविला. कोकणात वेंगुर्ल्यास ज्या वलंदाजांची वखार होती, त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीची एक शाखा डेल्फ्टमध्ये होती आणि पूर्वेकडील मसाले तेथील बाजारात सहज मिळत. मिरी जिभेला का झोंबते, याचे लेव्हेनहूक यांना कुतूहल होते. तिच्या कणांना सूक्ष्म काटे असतील, असा त्यांचा तर्क होता. दाणे मऊ करण्यासाठी त्यांनी ते पाण्यात भिजत घातले. काटे काही मिळाले नाहीत. पण १६७६ च्या एप्रिल महिन्यात त्या पाण्यात आजवर पाहिलेल्या कोणत्याही जीवाहून कितीतरी लहान असे जीव वळवळताना त्यांना दिसले. ते बहुधा जीवाणू होते. तर्क चुकला म्हणून त्यांनी पाणी फेकून दिले नाही. जे दिसले त्याचाच पाठपुरावा केला.

त्या वर्षी ९ ऑक्टोबरला त्यांनी या साऱ्या निरीक्षणांचे दीर्घ पत्र लंडनला पाठविले. एका थेंबात दहा लाखांहून अधिक जीव असतात, हे विधान वाचून विद्वज्जन चकित झाले; अनेकांना ते कल्पनाविलास वाटले. लेव्हेनहूक यांनी आपली मोजणी कशी केली ते सविस्तर कळविले. वरीच्या दाण्याएवढ्या पाण्यातील जीव मोजायचे. वाटाण्याचा व्यास वरीच्या दाण्याच्या साडेचार पट, म्हणून आकारमान सुमारे ९१ पट. दाण्याएवढ्या पाण्यात दहा हजार जीव असतील तर वाटाण्याएवढ्या थेंबात नऊ लाखांहून अधिक. भूमापकाचा आणि मद्यमापकाचा हा सरळ हिशेब होता. शिवाय धर्मोपदेशक, नोटरी अशा आठ प्रतिष्ठितांना त्यांनी घरी बोलावून ते दृश्य दाखविले आणि त्यांच्या सह्यांची प्रमाणपत्रे धाडली. खरा आकडा वाचून कोणाचा विश्वास बसणार नाही, म्हणून पाहिलेल्यापैकी निम्मीच संख्या लिहावी, अशी विनंती ते साक्षीदारांना करीत.

रॉयल सोसायटीने हे काम रॉबर्ट हूक यांच्याकडे सोपविले. आरंभीचे प्रयत्न फसले. मग हूक यांनी बारीक काचनळ्या केल्या, मिरी काही दिवस पाण्यात भिजवली आणि अधिक प्रभावी भिंग वापरले. १५ नोव्हेंबर १६७७ रोजी उपस्थित सदस्यांनी आपल्या डोळ्यांनी ते जीव पाहिले आणि शंकेला जागा उरली नाही. १६८० मध्ये सोसायटीने लेव्हेनहूक यांना आपले सदस्यत्व बहाल केले आणि त्याचे मानपत्र चांदीच्या पेटीतून पाठविले. हा सन्मान त्यांनी मनापासून स्वीकारला. सोसायटीच्या सभेला मात्र ते कधीही गेले नाहीत.

पुढील चार दशकांत त्यांच्या दृष्टीतून फारसे काही सुटले नाही. तांबड्या रक्तपेशींचे नेमके वर्णन त्यांनी १६७४ मध्येच केले होते. १६८३ मध्ये त्यांनी स्वतःच्या दातांवरील पांढरे कीट खरवडून पाण्यात मिसळून पाहिले. दात रोज मिठाने घासूनही त्यात जीवांची झुंबड होती. कधीही दात न घासणाऱ्या एका वृद्धाच्या तोंडात ती संख्या अर्थातच अफाट निघाली. १६८८ मध्ये बेडूकमाशाच्या शेपटीतील केशवाहिन्यांतून रक्त कसे वाहते ते त्यांनी पाहिले. धान्यातील सोंडे धान्यातूनच उपजतात आणि पिसवा धुळीतून जन्मतात, अशा रूढ समजुती त्यांनी अंडी, अळी, कोष या अवस्था प्रत्यक्ष दाखवून खोडून काढल्या.

घराजवळचे पाणी त्यांनी कधीच सोडले नाही. कालव्यातील टिकलीच्या मुळांवर देठ असलेले घंटेच्या आकाराचे जीव आणि अंगावर पिलांचे कोंब फुटणारा हायड्रा त्यांनी वर्णिला. घरंगळत जाणाऱ्या हिरव्या व्हॉल्व्हॉक्सच्या गोलात लहान गोल वाढतात आणि मोठा फुटला की ते बाहेर पडतात, हे त्यांनी टिपले. घराच्या छपरालगतच्या शिशाच्या पन्हळीत साठलेला सुका गाळ त्यांनी कागदात जपून ठेवला. काही महिन्यांनी त्यावर पाणी घालताच, उकळून गार केलेले पाणी घातले तरीही, तासाभरात रोटिफर नावाचे जीव अंग पसरून पोहू लागले. आटलेल्या डबक्यात पावसाबरोबर सृष्टी कशी परत येते, याचा एक दुवा या पन्हळीने दिला. हे पत्र लिहिताना लेव्हेनहूक सत्तरीच्या उंबरठ्यावर होते.

त्यांची कीर्ती आता युरोपभर पसरली होती. १६९८ मध्ये रशियाचा सम्राट पीटर डेल्फ्टला आला असता त्याने लेव्हेनहूक यांना आपल्या नौकेवर पाचारण केले आणि ईल माशाच्या शेपटीतील रक्ताभिसरण कौतुकाने पाहिले. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा राबता वाढला. पाहुण्यांना लेव्हेनहूक बरेच काही दाखवीत. सर्वोत्तम उपकरणे मात्र ते केवळ स्वतःसाठी राखून ठेवीत. भिंगे कशी बनवितात आणि अतिसूक्ष्म जीव कोणत्या युक्तीने पाहतात, हे त्यांनी कोणालाही सांगितले नाही. थोर तत्त्वज्ञ आणि गणिती लाइबनिट्स यांनी त्यांना सुचविले की, तरुणांना ही विद्या शिकविण्यासाठी एखादी शाळा काढावी. लेव्हेनहूक यांनी नकार दिला. विद्यार्थी येतात ते धनासाठी वा विद्वान म्हणून मिरविण्यासाठी; हजारांत एकालाही या कामाची चिकाटी नसते, असे त्यांचे मत होते.

या नकाराची किंमत शास्त्राला मोजावी लागली. २६ ऑगस्ट १७२३ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी लेव्हेनहूक यांचे निधन झाले. अखेरच्या आजारात छातीखालच्या पडद्याला बसणारे आचके त्यांनी स्वतःच निरीक्षून पत्रांत नोंदविले. आज त्या दुर्मीळ विकाराला त्यांचेच नाव आहे. शेवटच्या दिवसांतही दोन पत्रे लॅटिनमध्ये भाषांतरित करून लंडनला धाडावीत, असे त्यांनी मित्राला सांगितले. त्यांच्या इच्छेनुसार मारियाने चांदीची २६ सूक्ष्मदर्शके सोसायटीकडे पाठविली आणि डेल्फ्टच्या जुन्या चर्चमध्ये पित्याचे स्मारक उभारले. तिच्या मृत्यूनंतर १७४७ मध्ये उरलेल्या शेकडो उपकरणांचा लिलाव झाला. लंडनची २६ सूक्ष्मदर्शके एकोणिसाव्या शतकात गहाळ झाली. आज जगात त्यांची मोजकीच, डझनभराच्या आसपास उपकरणे शिल्लक आहेत. मागे शिष्य नव्हता, म्हणून त्यांची विद्या पुढे गेली नाही. डॅनिश शास्त्रज्ञ म्यूलर यांनी या सूक्ष्म जीवांचे पद्धतशीर वर्गीकरण हाती घेईपर्यंत अर्धे शतक लोटले. हे जीव रोग निर्माण करू शकतात, हे पाश्चर आणि कॉख यांनी सिद्ध केले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

लेव्हेनहूक यांचे काही नमुने मात्र अनपेक्षितपणे जपले गेले. पत्रांसोबत त्यांनी बुचाच्या आणि वनस्पतींच्या गराच्या पातळ चकत्या कागदी पुड्यांत बांधून पाठविल्या होत्या. १९८१ मध्ये रॉयल सोसायटीच्या दप्तरखान्यात त्या पुड्या जशाच्या तशा सापडल्या. त्यांच्याच एका सूक्ष्मदर्शकातून त्या चकत्या पाहता आल्या आणि ते किती सफाईने काम करीत याची खात्री पटली. २०२१ मध्ये डेल्फ्ट येथेच संशोधकांनी त्यांची दोन उपकरणे न उघडता न्यूट्रॉनच्या किरणांनी तपासली. एकातील भिंग घासून केलेले होते. सर्वांत प्रभावी उपकरणातील भिंग मात्र काचेचा धागा वितळवून तयार केलेला गोल मणी होता. ही कृती रॉबर्ट हूक यांनी १६६५ च्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत छापली होती.

जे गुपित लेव्हेनहूक यांनी पन्नास वर्षे जपले, त्याचा मोठा भाग अशा रीतीने आधीच सर्वांसाठी खुला होता. भिंग कोणालाही करता आले असते. तळ्याच्या पाण्यापाशी रोज परत येणे, मोजल्यावाचून न बोलणे, तर्क चुकला तरी डोळ्यांपुढचे नाकारू नये हा बाणा, हे सारे मात्र पुस्तकातून उचलता येत नाही. ते गुरूच्या शेजारी बसूनच अंगी मुरते. ते एखाद्या तरुणाला शिकविले गेले असते, तर ती अर्धी शतकाची पोकळी कदाचित पडली नसती. परभाषेच्या अभावाने ज्याची वाट अडली नाही, त्या माणसाची विद्या शिष्याच्या अभावी अडली.

लेव्हेनहूक यांच्या घरासमोरून वाहणाऱ्या कालव्यात जी सृष्टी होती, तीच आज भारतातल्या कोणत्याही गावच्या तळ्यात, कुंडीखालच्या ताटलीत आणि पावसाने भरलेल्या खड्ड्यात आहे. शाळेतील साध्या सूक्ष्मदर्शकातूनही ती दिसते आणि साध्या मराठीतूनही तिचे वर्णन करता येते. घरी एखादे मूल बाटलीत गढूळ पाणी भरून आणील, तेव्हा ते ओतून देण्यापूर्वी थोडा वेळ त्याच्या शेजारी बसून पाहावे.